नरसी ते औंढा : एका दिवसाची सहल

सहल म्हटले की आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला आधी समुद्र आठवतो. दिवाळीची सुट्टी लागली की गाड्या भरून लोक कोकणात जातात, गोव्याला जातात. त्यात वावगे काहीच नाही. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, समुद्र तेवढा नाही. पण दोन दिवसांचा प्रवास, मुक्काम, जेवणखाण हा खर्च प्रत्येक घराला दरवर्षी झेपतोच असे नाही. अशा वेळी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, अशी एक वाट आज आपल्याला सांगायची आहे. ती हिंगोली जिल्ह्यातली आहे आणि संत नामदेवांच्या पायाखालची आहे.

या वाटेकडे माझे लक्ष जाण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. काही वर्षांपूर्वी हिंगोलीच्या बसस्थानकावर एक शीख कुटुंब उभे होते. आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडे. आजोबांनी मला विचारले, "बाबा नामदेव का गाँव किधर पडेगा?" मी हात करून दिशा दाखवली. त्यांनी पुढे विचारले, तिथे काय काय आहे, किती वेळ लागेल? मला सांगता येईना. हिंगोलीहून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर असलेल्या त्या गावी मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. ते मात्र पंजाबातून आले होते. पुढच्याच रविवारी मी नरसीला गेलो.

नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. प्रल्हादाच्या आईचे नावही कयाधूच. ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात ती पाहण्यासारखी असते. उन्हाळ्यात पात्रात पाणी शोधावे लागते, हेही आधीच सांगून ठेवतो. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. कोणी पंढरपूर म्हणतात, कोणी कऱ्हाडजवळचे नरसी बहामनी म्हणतात. आपल्या भागाची श्रद्धा या नरसीवर आहे आणि वारकऱ्यांनी ती आपल्या पायांनी पक्की केली आहे. आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे येतात. याला परतवारी म्हणतात. इथे माथा टेकवल्याशिवाय वारी पुरी झाली असे त्यांना वाटत नाही. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. निवांत पाहायचे असेल तर तो दिवस टाळावा आणि गर्दीतला आनंद हवा असेल तर तोच दिवस धरावा.

आता ते पंजाबी आजोबा इतक्या लांब का आले, ते पाहू. नामदेव उत्तरेत गेले आणि आयुष्यातली बरीच वर्षे पंजाबात राहिले, अशी परंपरा आहे. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे गाव मानतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती हिंदी वळणाची आहेत, पण त्यांत 'बीठल' हे नाव येते आणि आपण एकदम ओळखीच्या अंगणात आल्यासारखे होतो. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे होते. त्या निमित्ताने इकडची कितीतरी माणसे घुमान पाहून आली. त्यांतल्या काहींनी नरसी पाहिलेले नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यांच्यापैकी दोघे माझे स्नेही आहेत. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे अनेक शीख यात्रेकरू नरसीला जाऊन येतात. मंदिरात पगडी बांधलेला माणूस आणि बुक्का लावलेला वारकरी शेजारी शेजारी बसलेले दिसतात, हे दृश्य मला फार आवडते.

नरसीहून हिंगोलीला परत यावे आणि तिथून औंढा नागनाथची बस धरावी. अंतर पंचवीसेक किलोमीटर. औंढ्याला बहुतेक लोक रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात, नारळ-प्रसाद घेतात आणि निघतात. माझी विनंती अशी, की मंदिराला बाहेरून एक फेरी सावकाश मारावी. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोनाकोनांचा, मूर्तींनी भरलेला आहे. तो यादवकाळातला मानतात. वरचे पांढरे शिखर नंतरचे. ते अहिल्याबाई होळकरांनी बांधवले असे सांगतात. दगड कुठे संपतो आणि वरचे बांधकाम कुठे सुरू होते, ती रेघ मुलांना शोधायला लावा. इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

फिरत फिरत मागे गेलात की नंदी दिसेल. शिवमंदिरात नंदी समोर असतो, इथे तो पाठीमागे. त्याची कथा नामदेवांचीच आहे. ते देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी होता तिथेच राहिला. दुसरी कथा विसोबा खेचरांची. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले. गुरू शोधत ते औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव." नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड उगवली. एका कथेत देव भक्तासाठी वळतो, दुसरीत देव एका जागी नसतोच. एकाच अंगणात या दोन्ही कथा नांदतात.

गाभारा जमिनीखाली आहे. पायऱ्या उभ्या आणि वाट अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी, धाप लागणाऱ्यांनी आधी विचार करावा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तासन्‌तास रांग असते. नागेश ज्योतिर्लिंगाचा मान द्वारकेजवळच्या नागेश्वरालाही दिला जातो. समुद्राचा हट्टच असेल, तर तिथे तोही सापडेल.

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात आणखी एक काम उभे राहत आहे, 'लायगो इंडिया'. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात टाकलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेझरचा किरण. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे आदळली की अवकाशच किंचित थरथरते. तो थरथराट इथे मोजायचा. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा जी लहर टिपली, ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. जमिनीचे हादरे जिथे कमी, अशी शांत जागा त्यासाठी लागते. आपला भाग मागे पडलेला, असे आपण नेहमी म्हणतो. इथे शांतपणाच उपयोगी पडला. हे अजून प्रेक्षणीय स्थळ नाही, तेव्हा आत जायचा आग्रह धरू नये. मुलांना रस्त्यावरून दिशा दाखवून एवढे सांगितले तरी पुरे.

वेळ उरला तर वसमतच्या रस्त्यावर शिरड शहापूरचे मल्लिनाथांचे जैन मंदिर आहे. हिवाळ्यात पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरणही बरे वाटते. घरासाठी काही न्यायचे असेल तर हळद न्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिंगोलीच्या हळद बाजारालाही संत नामदेवांचेच नाव आहे.

डबा घरून घ्यावा, पाणी भरपूर घ्यावे, डोक्याला उपरणे किंवा टोपी असावी. मार्च ते मे हे महिने टाळलेले बरे. सकाळी आधी नरसी, दुपारी औंढा, हा क्रम ठेवा, म्हणजे कथाही क्रमाने लागते. आणि औंढ्याला उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. मी विचारली नव्हती. रात्री साडेनऊला एका हळदीच्या टेम्पोत पोत्यांवर बसून घरी आलो आणि दोन दिवस शर्ट पिवळा होता.