दिवसा कारखाना, संध्याकाळी गोल

पिंपरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे लेथवर काम केले आणि कारखान्याच्याच फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळलो. पहिली पाळी सुटली की डबा सायकलला अडकवून थेट मैदान गाठायचे. माझा पुतण्याही तसाच. वय तेवीस, चाकणला कंत्राटी कामगार. पाळीमुळे निम्मे सामने हुकतात. परवा म्हणाला, "काका, खेळ सोडून देऊ का?" मी त्याला जेमी वार्डीची हकीकत सांगितली.

इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालच्या शेकडो क्लबांना तिकडे 'नॉन-लीग' म्हणतात. तिथले बहुतेक खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरे काम करतात. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना.

वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे या क्लबने सोडून दिले. मग तो जवळच्याच स्टॉक्सब्रिज या पोलादाच्या गावातल्या क्लबकडून खेळू लागला. मानधन आठवड्याला ३० पौंड! दिवसा तो हातापायांना आधार देणारी वैद्यकीय साधने बनवणाऱ्या कारखान्यात काम करी. २०१० मध्ये हॅलिफॅक्स, २०११ मध्ये फ्लीटवूड असा तो वर सरकला. फ्लीटवूडसाठी एका हंगामात लीगमध्ये ३१ गोल केल्यावर २०१२ मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. २०१५-१६ मध्ये त्याने सलग ११ सामन्यांत गोल केले आणि लेस्टर प्रीमियर लीग विजेता झाला.

यात गुण त्याचे खरेच. पण शिडीही होती. खालचा संघ जिंकला की वरच्या विभागात जातो. पाचव्या विभागाच्या विजेत्याला १९८७ पासून चौथ्या विभागात हक्काने प्रवेश मिळू लागला. त्याआधी वरच्या क्लबांच्या मतांवर सारे अवलंबून असे. शिवाय, आघाडीवर खेळणाऱ्याचे गोल मोजता येतात. त्या आकड्यावर वरच्या क्लबांची नजर असते.

आपल्याकडे खेळाडूला नोकरी मिळाली, हा मोठाच आधार होता. पण संघ कंपनीच्या मर्जीवर. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. आपल्या शेजारी बालेवाडीत खेळणारा पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २००९ मध्ये आय-लीगमध्ये चढला, २०१२-१३ मध्ये दुसरा आला. २०१४-१५ नंतर मात्र त्या लीगमध्ये दिसला नाही. आता थोडी आशा आहे. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये गेला. असे प्रथमच घडले.

प्रत्येकजण वार्डी होत नाही, हेही मी पुतण्याला सांगितले. नॉन-लीगमधले बहुतेक खेळाडू तिथेच खेळून निवृत्त होतात. म्हणून नोकरी सोडू नकोस. पण खेळही सोडू नकोस. प्रत्येक सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी संघ आणि आपले गोल वहीत लिहून ठेव. कुणी विचारले तर दाखवायला काहीतरी हवे.

त्याने वही आणली आहे. रविवारसाठी पाळी बदलूनही मागितली आहे. मिळते की नाही, ते सुपरवायझर जाणे!