मार्गनिर्देशन माहितीसंच, वैमानिकीय

विमानतळ, धावपट्ट्या, रेडिओ मार्गदर्शक केंद्रे, हवाई मार्ग, मार्गबिंदू, नियंत्रित व निषिद्ध अवकाशक्षेत्रे आणि उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याचे विहित मार्ग यांविषयी विमानातील संगणकात साठविलेल्या सांकेतिक माहितीला वैमानिकीय मार्गनिर्देशन माहितीसंच म्हणतात. हा संच ठराविक मुदतीने बदलून नवा करावा लागतो. मोठ्या प्रवासी विमानांत असे संच १९७० च्या दशकापासून वापरात आले. लहान, एक वा दोन एंजिनांच्या विमानांत ते १९९० च्या दशकात जीपीएस ग्राहींबरोबर आले आणि २००४ नंतर, म्हणजे गार्मिन कंपनीच्या जी-१००० सारख्या प्रणाली सेसना व डायमंड विमानांत बसू लागल्यावर, सर्वत्र रूढ झाले. गोंदिया येथील नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत डायमंड डीए-४० विमानांवर शिकणारा विद्यार्थी आरंभापासूनच या संचावर विसंबून उडण्यास शिकतो.

ज्या चालककक्षात तबकड्या व काटे यांच्याऐवजी मोठे विद्युत् पडदे असतात, त्यास ग्लास कॉकपिट असे म्हणतात. जी-१००० मध्ये असे दोन पडदे असतात. डावीकडील पडद्यावर विमानाचा कल, वेग व उंची, तर उजवीकडील पडद्यावर नकाशा व एंजिनाची स्थिती दिसते. हे चित्र अतिशय रेखीव असते व त्यातच त्याचा धोका आहे. बारामतीहून कराडमार्गे कोल्हापूरकडे निघालेल्या विमानात उजव्या अंगाला सह्याद्रीची रांग तपकिरी रंगात उठून दिसते, महाबळेश्वरचा सु. १,४३८ मी. उंचीचा माथा विमानाच्या पातळीच्या वर असेल, तर तो तांबडा होतो. परंतु पडद्यावरील हा डोंगर विमानाने पाहिलेला नसतो. उपग्रहांच्या संकेतांवरून विमानास कळते ते केवळ स्वतःचे स्थान. त्या स्थानाभोवती काय आहे हे सर्व साठवणीतून येते आणि साठवण ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसाइतकीच ती खरी असते. [⟶ मार्गनिर्देशन].

माहितीचा प्रवास : अमेरिकन टपालवाहू वैमानिक एल्रे जेप्पेसेन यांनी शेतांचे उतार, पाण्याच्या टाक्या, तारांचे खांब व उतरण्याच्या जागा यांची टिपणे एका लहानशा वहीत ठेवण्यास प्रारंभ केला व १९३४ मध्ये ती छापून विकण्याचा व्यवसाय उभारला. आजच्या संचांचा एक मोठा पुरवठादार त्याच नावाने ओळखला जातो. मात्र आता माहितीचे मूळ खाजगी वहीत नसून शासकीय प्रकाशनात असते. प्रत्येक देश आपल्या हद्दीतील वैमानिकीय माहिती अधिकृतपणे प्रसिद्ध करतो; भारतात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. या प्रकाशनातील मजकूर पुरवठादार संस्था सांकेतिक रूपात उतरवून घेते. त्यासाठी एरिंक ४२४ हे मानक असून त्याची पहिली आवृत्ती १९७५ मध्ये निघाली. त्यात प्रत्येक धावपट्टी, केंद्र वा मार्गबिंदू यांसाठी १३२ अक्षरांची एक ओळ असते व कोणत्या स्थानी कोणते अक्षर यावे हे ठरलेले असते. शेवटी अशा लक्षावधी ओळींतून उपकरणाच्या प्रकारानुसार आवश्यक तेवढ्या निवडून त्यांची बांधणी केली जाते.

या प्रवासात चूक शिरण्याच्या जागा अनेक आहेत. अक्षांशातील एका मिनिटाची चूक १,८५२ मी. ची, तर एका सेकंदाची चूक सु. ३१ मी. ची होते. भारतातील जुनी सर्वेक्षणे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेली होती, तर उपग्रहीय मार्गनिर्देशन डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भप्रणालीवर चालते; एकाच ठिकाणाच्या या दोन निर्देशांकांतील फरक धावपट्टीच्या रुंदीहून अधिक भरतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून सर्व प्रकाशित स्थाने नव्या संदर्भप्रणालीत देण्याचे बंधन घातले. माहिती एका संगणकातून दुसऱ्यात जाताना बिघडू नये यासाठी प्रत्येक गठ्ठ्याबरोबर गणिताने काढलेला एक पडताळा अंक जोडतात. विमानातील उपकरण तोच अंक पुन्हा काढते व जुळला नाही तर संच नाकारते. पण मूळ प्रकाशनातच चूक असेल, तर ती या पडताळ्यातून निर्धोकपणे पार पडते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

चक्र : प्रत्येक देश मनास येईल त्या दिवशी बदल अंमलात आणू लागला, तर कोणताही संच कधीच पूर्ण खरा राहणार नाही. या अडचणीवर १९६४ मध्ये उपाय निघाला. तो आयरॅक (वैमानिकीय माहितीचे नियमन व नियंत्रण) या नावाने ओळखला जातो. त्यानुसार महत्त्वाचे बदल जगभर दर २८ दिवसांनी येणाऱ्या एका ठरावीक गुरुवारीच अंमलात येतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाच वाजता, चक्र बदलते. माहिती वापरणाऱ्यांच्या हाती ती किमान २८ दिवस आधी पडावी यासाठी ४२ दिवस आधी तिचे वितरण करावे लागते आणि मोठे फेरबदल असल्यास ५६ दिवस आधी सूचना देणे इष्ट मानतात. वर्षात सामान्यतः १३ चक्रे होतात. २०२० मध्ये मात्र २ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात १४ गुरुवार या मालिकेत आले. चक्राचा क्रमांक वर्षाचे शेवटचे दोन अंक व अनुक्रम यांवरून बनतो. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी. तो गुरुवार होता व २५१३ या चक्राचा पहिला दिवस होता.

तातडीचे वा अल्पकाळाचे बदल या चक्रात बसत नाहीत. धावपट्टीवर दुरुस्ती चालू असणे, एखादे मार्गदर्शक केंद्र बंद पडणे, लष्करी सरावासाठी अवकाश रोखला जाणे या गोष्टी नोटॅम या सूचनांद्वारे कळविल्या जातात. संच अगदी ताजा असला, तरी पडद्यावर त्यांची खूण उमटत नाही.

संच बदलण्याची पद्धती : पुरवठादाराशी वार्षिक करार केल्यावर दर चक्राचा संच महाजालावरून उतरवून एका लहान स्मृतिपत्रावर (एसडी कार्डावर) लिहून घेतात. जी-१००० च्या प्रत्येक पडद्याला दोन खाचा असतात. विद्युत् पुरवठा बंद असताना नवे पत्र एका पडद्याच्या वरच्या खाचेत घालून पुरवठा सुरू केला, की संच बदलावयाचा का असे पडदा विचारतो. होकार दिल्यावर माहिती त्याच्या अंतर्गत स्मृतीत उतरते. मग तेच पत्र काढून दुसऱ्या पडद्यासाठी ही कृती पुन्हा करावी लागते, कारण दोन्ही पडदे आपापली स्वतंत्र प्रत बाळगतात. एकच पडदा नवा करून दुसरा विसरल्यास दोन प्रतींत तफावत असल्याचा इशारा मिळतो. खालच्या खाचेतील पत्रावर भूपृष्ठाची उंची, अडथळे इ. माहिती असते, ते तेथेच राहू द्यावयाचे असते. घाईत ते काढले गेल्यास मार्ग दिसतो, पण डोंगर नाहीसे होतात. पुढील काळातील उपकरणांत येणाऱ्या चक्राचा संच आधीच भरून ठेवता येतो व ठरल्या दिवशी तो आपोआप लागू होतो.

हे काम काही मिनिटांचे आहे. त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे, पण बहुधा टाळले जाणारे आहे. पुरवठा सुरू होताच पडद्यावर प्रत्येक संचाचे नाव व मुदत येते आणि वैमानिकाने कळ दाबून ती वाचल्याची पोच दिल्याशिवाय पुढचे पृष्ठ उघडत नाही. सवयीने दाबलेल्या कळीला वाचनाचे मोल नसते. शिवाय आधीच आखून साठविलेला मार्ग नव्या संचाशी पुन्हा ताडून पाहावा लागतो, कारण त्यातील एखादा मार्गबिंदू रद्द झालेला वा सरकलेला असू शकतो. मुदत संपलेल्या संचावर उपकरणाधिष्ठित अवतरण करण्यास सामान्यतः मनाई असते. डोळ्यांनी पाहून उडताना तशी सक्त मनाई नसल्याने, आणि वार्षिक कराराचा खर्च लहान विमानाच्या मालकास जाणवण्याजोगा असल्याने, जुने संच वापरात राहतात.

अपघातांचा बोध : माहिती बदलल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, बदल झाल्याचे वैमानिकास ठाऊकही असावे लागते. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान अंटार्क्टिकातील मौंट एरेबस या पर्वतावर आदळून २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. उड्डाणाच्या काही तास आधी कंपनीच्या संगणकातील एका बिंदूचे निर्देशांक दुरुस्त करण्यात आले होते. वैमानिकांना पूर्वी समजावून दिलेला मार्ग मॅकमर्डो सामुद्रधुनीवरून, तर दुरुस्त मार्ग थेट पर्वतावरून जात होता. दुरुस्ती त्यांना कळविली गेली नाही, हेच अपघाताचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष १९८१ मध्ये चौकशी आयोगाने काढला.

दुसऱ्या प्रसंगी संच मुदतीतला होता. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे विमान कोलंबियातील काली येथे उतरत असताना वैमानिकांनी रोझो या केंद्राकडे जाण्यासाठी ‘आर’ हे एकच अक्षर संगणकास दिले. नकाशावर रोझोची खूण ‘आर’ हीच होती. संचात मात्र त्या अक्षराखाली प्रथम बोगोटाजवळचे रोमिओ हे केंद्र येई आणि रोझोसाठी पूर्ण नाव द्यावे लागे. विमान डावीकडे वळून डोंगराकडे गेले. १६३ पैकी १५९ व्यक्ती मरण पावल्या. कागदी नकाशा व संच एकाच प्रकाशनावरून तयार झाले, तरी ते एकसारखे बोलतीलच असे नाही, हे या अपघातामुळे सर्वमान्य झाले.

सातारा-सांगलीतील स्थिती : या दोन जिल्ह्यांत नियमित प्रवासी वाहतुकीचा विमानतळ नाही. कराडजवळची धावपट्टी लहान विमानांपुरती असून सांगलीजवळील कवलापूरची धावपट्टी दीर्घकाळ उपयोगात नाही. जवळचा प्रवासी विमानतळ म्हणजे कोल्हापूर. तेथील धावपट्टी अलीकडच्या वर्षांत वाढविण्यात आली. धावपट्टी वाढली म्हणजे केवळ लांबीचा आकडा बदलत नाही. तिच्या टोकाचे स्थान, दिवे व उतरण्याच्या मार्गाचा उतार हेही बदलतात. चक्राचा खरा लाभ अशा ठिकाणी होतो. कराडला उपकरणाधिष्ठित अवतरणमार्गच नसल्याने तेथे पडदा देऊ शकतो ते दिशा व अंतर एवढेच. पुष्कळदा वैमानिक अशा धावपट्टीसाठी स्वतःचा मार्गबिंदू तयार करून ठेवतो. हा हाताने भरलेला बिंदू कोणत्याही चक्रात तपासला जात नाही व त्यातील एका अंकाची चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

याहून बिकट प्रश्न अडथळ्यांचा आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार, साताऱ्याजवळील चाळकेवाडी आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव परिसर येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची दाटी झाली. अडथळ्यांचा संच सामान्यतः ५६ दिवसांनी निघतो. भूपृष्ठाच्या संचाला तर ठरावीक मुदत नाही. देशभरातील अडथळ्यांच्या नोंदीसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने जमिनीपासून १०० मी. ही किमान उंची ठरविली आहे. जुन्या, कमी शक्तीच्या पवनचक्क्यांची उंची पात्यांसहही एवढी भरत नाही. कोयनेच्या खोऱ्यातून निघणाऱ्या विद्युत् वाहिन्यांचे मनोरे व साखर कारखान्यांची धुराडी यांचेही बहुधा तसेच आहे. वनकुसवडेचे पठार समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. हून उंच असल्याने, पावसाळी ढगांखालून घाट ओलांडू पाहणाऱ्या विमानाला तेथील साठ-सत्तर मीटरांचा खांबही पुरेसा घातक असतो. तो संचात नसणे ही नियमानुसार चूक ठरत नाही, पण वैमानिकाच्या दृष्टीने तो पडद्यावर नाही एवढेच खरे.

भूपृष्ठाचे चित्रही जाळीच्या बिंदूंवर आधारलेले असते. सुरुवातीच्या जी-१००० मध्ये कृत्रिम दृश्यासाठी वापरलेली जाळी ९ सेकंद अंतराची, म्हणजे सु. २८० मी. ची होती. दोन बिंदूंच्या मधल्या भागाचा आकार संगणक अंदाजाने भरतो. त्यामुळे सज्जनगडाच्या कड्यासारखा उभा कातळ पडद्यावर सौम्य उतार होऊन दिसू शकतो. या भागावरून उडताना लहान विमानाचे चालक नकाशावरील त्या चौकोनातील सर्वोच्च उंचीत भर घालून किमान सुरक्षित उंची ठरवितात व दृश्यमानता त्याखाली आल्यास पूर्वेकडील सखल कृष्णाकाठावरून वळसा घेतात.