घानाचा बालमजुरी कायदा : 13, 15 आणि 18 या तीन आकड्यांची गोष्ट



मुलांच्या हातात चॉकलेट नेहमीच असतं. पण ते ज्या कोकोच्या बियांपासून बनतं, त्या बिया कुठून येतात? जगातला बराचसा कोको पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांत पिकतो : आयव्हरी कोस्ट आणि घाना. शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी या संस्थेने 2018-19 च्या हंगामाचा अभ्यास केला. त्यात या दोन देशांत मिळून सुमारे 15 लाख 60 हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत असल्याचा अंदाज निघाला.

हा आकडा वाचला की पहिला प्रश्न मनात येतो, तिथे कायदा नाही का? आहे. आणि तो शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे.

कायदा काय सांगतो?

घानाने 1998 साली बालक कायदा केला. त्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक. कामासाठी मात्र या कायद्याने तीन पायऱ्या ठरवल्या आहेत :

• 13 वर्षे पूर्ण : फक्त हलकं काम. म्हणजे काय, तर ज्याने तब्येतीला आणि वाढीला धोका नाही आणि ज्याने शाळा बुडत नाही असं काम.
• 15 वर्षे पूर्ण : साधं काम किंवा नोकरी करता येते.
• 18 वर्षे पूर्ण : धोक्याचं काम. खाणी व दगडखाणी, समुद्रावर जाणं, जड ओझी वाहणं, रसायनांचे कारखाने, यंत्रं चालतात अशा जागा, बार आणि हॉटेलं या सगळ्यांना 18 च्या आत बंदी.

शिवाय रात्री 8 ते सकाळी 6 या वेळेत कोणत्याही बालकाला कामाला लावायचं नाही. नियम मोडला तर दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

15 हाच आकडा का?

हे गणित वर्गात मुलांकडूनच करून घ्या. घानात सक्तीचं मोफत शिक्षण चौथ्या वर्षी सुरू होतं. बालवाडीची 2, प्राथमिकची 6 आणि कनिष्ठ माध्यमिकची 3, अशी एकूण 11 वर्षे. 4 अधिक 11 किती? 15. म्हणजे शाळेचं दार बंद होतं तिथेच कामाचं दार उघडतं, मध्ये फट नाही. आपल्याकडेही 6 ते 14 सक्तीचं शिक्षण आणि 14 च्या आत कामाला बंदी, हे असंच जुळवलेलं आहे.

मालक कोण, हा प्रश्नच नाही

या कायद्याचा गाभा एका व्याख्येत आहे. ज्या कामामुळे मुलाचं आरोग्य, शिक्षण किंवा विकास हिरावला जातो, ते शोषण. पगार मिळतो का, काम घरचं की परक्याचं, हे त्यात विचारलेलं नाही. नोंदणी झालेला कारखाना असो की घरची शेती, नियम तोच. भारतात मात्र शाळा सुटल्यावर व सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करायला कायद्याने सूट दिली आहे.

मग घानात बापानेच मुलाला कामाला लावलं तर? अशा वेळी समाजकल्याण अधिकाऱ्याने आधी त्या घराची चौकशी करून अहवाल द्यायचा, असं कायदा सांगतो. कारण घरात नेमकी अडचण काय आहे हे कळल्याशिवाय नुसत्या शिक्षेने मूल शाळेत परत येत नाही.

तरीही मुलं कामावर का?

मोठ्यांसाठी घानात 2003 चा कामगार कायदा आहे. दिवसाला 8 तास, आठवड्याला 40 तास, वर्षाला किमान 15 दिवस पगारी रजा, बाळंतपणाची किमान 12 आठवडे पूर्ण पगारी रजा. सरकार, मालक आणि कामगार संघटना मिळून रोजचं किमान वेतन ठरवतात. पण छोटा कोको शेतकरी कुणाचा नोकर नाही, त्यामुळे किमान वेतन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या कोकोचा भाव सरकारी कोको मंडळ जाहीर करतं. त्या भावात मजूर लावणं परवडलं नाही, की घरचीच पोरं कोयता घेऊन कोकोची फळं फोडायला बसतात.

मुख्य तोडणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे शाळा भरात असताना. ऊसतोडीच्या भागात शिकवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वर्गात असं घ्या

मुलांना चार प्रसंग द्या आणि घानाच्या कायद्याने चालेल की नाही ते विचारा :

1. 14 वर्षांचा मुलगा शनिवारी दोन तास काकांच्या दुकानात बसतो. (चालेल, हलकं काम.)
2. 16 वर्षांची मुलगी हीच नोकरी रात्री 10 पर्यंत करते. (नाही, रात्रीचं काम.)
3. 17 वर्षांची मुलगी अक्राच्या बाजारात डोक्यावरून जड ओझी वाहते. (नाही. उत्तर घानातून आलेल्या अशा मुलींना तिथे 'कायायेई' म्हणतात.)
4. 13 वर्षांचा मुलगा घरच्याच शेतात काम करतो, पण हंगामात महिनाभर शाळेत येत नाही. (नाही. काम घरचं असलं तरी शिक्षण बुडतंय.)

चौथ्या प्रसंगावर वाद होईल, होऊ द्या. "घरचंच काम आहे की, त्यात काय?" असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा व्याख्येकडे परत या : आरोग्य, शिक्षण, विकास.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. कामगार अधिकारी शेतावर पोहोचेल तेव्हा पोहोचेल. पण मूल कामाला जुंपलं गेलंय हे सगळ्यात आधी हजेरीपटावर दिसतं. सलग चार-पाच दिवस गैरहजेरी लागली, तर नुसती खूण करून पुढे जाऊ नका. त्या घरी एकदा विचारून या.