रामाने आंबा खाल्ला, मग गुण कुठे गेला?

रहाटणीत फर्स्ट शिफ्ट करून आलेलं पोरगं संध्याकाळी अभ्यासिकेत बसतं, तेव्हा गणित, सामान्य ज्ञान उरकतं. इंग्रजी व्याकरणाचं पान मात्र उलटत नाही. टाळून चालत नाही. 2023च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते, म्हणजे 200 पैकी 50 गुण.

त्यात हमखास पाय घसरतो तो व्हॉइसवर. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याच्या तालावर नाचतं: आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, लिंबू खाल्लं. राम बिचारा 'ने' लावून बाजूला उभा. मग डोक्यात बसतं, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. तिथेच गुण जातो. 'राम एट अ मँगो' हे सरळसरळ ॲक्टिव्ह आहे. प्रयोग विचारतो, क्रियापद लिंग-वचन कोणाचं घेतं? व्हॉइस विचारतो, वाक्याच्या पुढच्या खुर्चीत कोण बसलंय, करणारा की सोसणारा? पॅसिव्हला आपल्याकडे जुळतं ते 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. व्याकरणात त्याला नवीन कर्मणी म्हणतात. घरात असं कोणी बोलत नाही, हा भाग वेगळा.

गोंधळाचं मूळ जुनं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठी व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. शब्दांच्या आठ जाती त्या साच्यातल्या. म्हणून नाम आणि नाउन, विशेषण आणि ॲडजेक्टिव्ह यांची जोडी बिनतक्रार जमते. कर्तरी, कर्मणी, भावे ही विचारसरणी मात्र संस्कृतच्या घरातली. अर्धं बिऱ्हाड एकीकडून, अर्धं दुसरीकडून आलेलं. सगळ्याच वस्तूंच्या जोड्या कशा लागणार?

चिंचवडच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, ते प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. वाद पुष्कळ झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशीपार आहेत. निर्णय मला पटतो. पण मराठीचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम यांनी प्रयोग आणि व्हॉइस एकाच फळ्यावर मांडले असते, तर ही गल्लत पाचवी-सहावीतच मिटली असती.

टॅग क्वेश्चनचंही तेच. आपलं एक 'ना' सगळीकडे चालतं: तू येणार ना, ती शिकवते ना, त्यांनी फॉर्म भरला ना. इंग्रजीत प्रत्येक वेळी सहायक क्रियापद शोधायचं, होकाराचा नकार करायचा, वर कर्त्याचं सर्वनाम लावायचं.

आता पेन्सिल घ्या. 'मुलीने अर्ज भरला': मराठीत कर्मणी, इंग्रजीत ॲक्टिव्ह. 'मुलीने भावाला शिकवलं': मराठीत भावे, इंग्रजीत पुन्हा ॲक्टिव्हच. 'मुलगी पास झाली ना?' इथे 'इजन्ट शी' लिहायला हात शिवशिवेल. लिहायचं 'डिडन्ट शी'.