आधी कृपा, मग होकार

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्यांच्या मनोरमेलाही तो देण्यात आला. आई पंचवीस वर्षांची, संस्कृत विद्येत मुरलेली, अँग्लिकन भगिनींशी धर्मतत्त्वांवर न कचरता वाद घालणारी. मुलगी जेमतेम अडीच वर्षांची. आईचा होकार विचारपूर्वक होता. लेकीला होकार कशाला द्यायचा हेही ठाऊक नव्हते. तरी विधी एकच आणि देवाचे नाव तेच.

हे योग्य झाले का, या प्रश्नावर प्रॉटेस्टंट मंडळ्या पाचशे वर्षे भांडल्या आहेत. मार्टिन लूथरने रोमन चर्चच्या सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच अखेर ठेवले, पण तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सोडला नाही. कृपा ही देवाची देणगी आहे, ती कमावता येत नाही, हा त्याचा गाभ्याचा विचार; आणि काहीही न कमावता हात पसरण्यात तान्ह्या मुलाची बरोबरी कोण करील? झुरिकमधल्या काही तरुणांना हे पटले नाही. ज्याने विश्वास ठेवला त्यानेच पाण्यात उतरावे, असे ते म्हणत. २१ जानेवारी १५२५ रोजी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी त्यांचा सोबती फेलिक्स मांझ याला लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले. मारणारे शहर प्रॉटेस्टंटच होते. कृपेविषयी बोलताना आम्हा मंडळ्यांनी हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडच्या मंडळ्यांत दोन्ही रीती नांदतात. एका रीतीत बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात. आईबाप वचन देतात आणि बाळाला विश्वासात वाढवायला हातभार लावू, असे सगळी मंडळीही कबूल करते. हे दुसरे वचन फार मोठे आहे, आणि रविवारच्या उपासनेत ते घाईने उरकले जाते. मूल जाणते झाले की पाळक त्याला शिकवतात: प्रेषितांचा मतांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना. मग दृढीकरणाच्या दिवशी ते उभे राहून सर्वांसमोर आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगते, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि ते प्रभुभोजनाला येऊ लागते. आईबापांनी त्याच्या वतीने दिलेला शब्द आता त्याचा स्वतःचा होतो. दुसऱ्या रीतीत बाळाचे फक्त समर्पण होते, आशीर्वाद मागितला जातो. बाप्तिस्मा होतो तो जाणतेपणी, साक्ष देऊन, पूर्ण पाण्यात बुडवून. चर्च ऑफ द ब्रदरनच्या परंपरेत तर तीनदा बुडवतात.

पण जाणतेपणी पाण्यात उतरले म्हणजे सारे उमगलेच, असे नाही. याची साक्ष रमाबाईच देतात. वाँटेजला आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे १९०७ च्या आपल्या कथनात लिहिले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या धर्मगुरूचे आत्मकथन वाचताना त्यांना आपले रितेपण जाणवले, आणि तारण फुकट मिळते हे हळूहळू उमगले. म्हणून वाँटेजचा विधी मला फोल वाटत नाही. कृपा त्या दिवशी दारात उभी राहिली; दार उघडायला बाईंना वेळ लागला, इतकेच.

कृपा आणि होकार मागेपुढे येऊ शकतात, हाच विचार नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी एका संस्थेच्या रूपाने उभा राहिला. सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट बालबाप्तिस्मा मानणारे. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट जाणत्यांचा बाप्तिस्मा मानणारे. दोन्ही रीती ग्राह्य धरल्या गेल्या. आईबापांनी यातली कोणतीही निवडावी. ज्या पाळकाच्या विवेकाला बालबाप्तिस्मा पटत नाही त्याने तो देण्यासाठी दुसऱ्या पाळकाला बोलवावे. अडचण उरली ती पुन्हा बाप्तिस्मा मागणाऱ्यांची. लहानपणचा विधी आपल्याला आठवतही नाही, असे एखादा तरुण कळवळून सांगतो, तेव्हा त्याला झिडकारणे चूकच. तरी जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा मसुद्याने बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो, असेच सांगितले आहे. अशा तरुणाला मंडळीसमोर आपली वचने नव्याने उच्चारू द्यावीत, हा मार्ग मला अधिक खरा वाटतो.

महाराष्ट्रात मात्र या पाण्याची किंमत घरादाराने मोजली आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे आणि जातिभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. नवऱ्याच्या होकारावर त्यांनी आपला होकार टेकवला नाही, ही त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा ठेवली. मिशनच्या नोकरीतून ते तोवर बाहेर पडले होते. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.