आट्यांचा आटापिटा

१९६१ साली म्हैसूरला जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे त्यांतलीच एक वडिलांनी हौसेने घेतली. ते गेले आणि ती माझ्याकडे आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा प्लग बदलायला बसलो. प्लग तिरपा लागला होता. मी मात्र घाईने पान्याला जोर दिला. कर्र आवाज झाला आणि हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर आले! पोलादापुढे बिचाऱ्या अॅल्युमिनियमचे काय चालणार?

ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. नुसती काजळी असती, तर १४ मिलिमीटरचा टॅप फिरवून आटे साफ झाले असते. येथे ते उरलेच नव्हते. मिस्त्रींनी आधी हेड उतरवले. चुरा सिलिंडरात पडला, तर पिस्टनचे मातेरे! मग रॉकेल सोडीत त्यांनी मोठा टॅप चालवला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे; मागे फिरवला की चुरा तुटतो. त्या नव्या आट्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवले. त्याच्या आतल्या बाजूला पुन्हा १४ मिलिमीटरचे आटे तयार!

"साहेब, प्लग आधी बोटांनीच फिरवायचा. बोटांना जड गेला तर उलटा काढायचा. पाना अगदी शेवटी," मिस्त्री म्हणाले.

दसरा हुकला, पूजा पाडव्याला झाली. किक मारली. तो ओळखीचा आवाज ऐकून आई उंबऱ्यापर्यंत आली आणि काही न बोलता तेथेच उभी राहिली.