पेशींच्या मधली जागा

शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे आपण शाळेत शिकतो आणि तिथेच थांबतो. पण कूर्चा, कंडरा, हाड, त्वचेचा आतला थर यांत पेशींपेक्षा पेशींच्या मधला ऐवजच जास्त असतो. कोलॅजेन, इलॅस्टिन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन ही प्रथिनं आणि पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करांच्या लांब साखळ्या यांचं हे जाळं पेशीच विणतात आणि त्यालाच धरून जगतात. वैद्यकानं बराच काळ त्याला निव्वळ भराव मानलं. ही उपेक्षा महागात पडली, असं माझं मत आहे. कारण कितीतरी आजारांची सुरुवात याच जागेत होते.

शरीरातल्या प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा एकट्या कोलॅजेनचा. त्याची रचना उलगडली ती मद्रासमध्ये. १९५४ साली जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारली: तिपेडी वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या तीन साखळ्या. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हवंच, कारण वेणीच्या गाभ्यात मावेल एवढं लहान अमिनो आम्ल तेच. त्यातल्या एका जागी दुसरं आम्ल आलं तरी काही मुलं काचेसारख्या ठिसूळ हाडांनिशी जन्मतात. क जीवनसत्त्व मिळालं नाही, तर साखळ्यांना स्थैर्य देणारी रासायनिक प्रक्रिया अपुरी राहते. हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात. हाच स्कर्व्ही.

पेशी या जाळ्याला धरतात ते मुख्यतः इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत. रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना या शोधांसाठी २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. इंटिग्रिन नुसतं धरून ठेवत नाही. बाहेरचं जाळं मऊ आहे की ताठ, याची खबर ते आत पोचवतं, आणि पकड सुटली तर निरोगी पेशी सहसा स्वतःहून मरते. कर्कपेशी हा नियम मोडतात, म्हणूनच त्या दूरवर जाऊन रुजू शकतात. मीना बिसेल यांच्या गटानं १९९७ मध्ये स्तनाच्या कर्कपेशींवरचं एक इंटिग्रिन अडवलं. जनुकांतले दोष तसेच असूनही त्या पेशी पुन्हा निरोगी ऊतीसारख्या रचल्या गेल्या. मला हा प्रयोग या साऱ्या विषयाचा कणा वाटतो.

पकड जन्मतःच सदोष असेल तर? पांढऱ्या पेशींवरच्या इंटिग्रिनमध्ये खोट असलेल्या बाळाची नाळ आठवडे उलटले तरी गळून पडत नाही, संसर्ग पुन्हापुन्हा होतो आणि जखमेत पू मात्र धरत नाही, कारण पेशी रक्तवाहिनीची भिंत धरून बाहेर पडूच शकत नाहीत. अशा लक्षणांकडे बालरोगतज्ज्ञांनी लगेच लक्ष द्यायला हवं.

आता आपल्या घरातला आजार. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींच्या अस्तराखाली तंतू साचण्याच्या विकाराचं वर्णन केलं. त्याचं मूळ सुपारीत आहे. सुपारीतलं अरेकोलीन तंतुपेशींना जादा कोलॅजेन बनवायला लावतं. तिच्यातल्या तांब्यामुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडणारं विकर जोमानं काम करतं, आणि असं जखडलेलं कोलॅजेन शरीराला सहजी मोडता येत नाही. आधी तिखट झोंबतं, मग गाल आतून पांढरट आणि ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण गोड सुपारी आजही शाळेजवळच्या टपरीवर मुलांच्या हातात पडते. तंबाखू नाही म्हणजे धोका नाही, हा समज खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

साचलेले तंतू पूर्ववत करणारं खात्रीचं औषध आज नाही. इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम, शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडंफार उघडतं, इतकंच. म्हणून सुपारी खाणाऱ्या प्रत्येकानं आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का, हे आजच पाहावं. जात नसतील तर सुपारी त्याच दिवशी सोडावी आणि दंतवैद्याला तोंड दाखवावं.